जुनी प्रीमियर पद्मिनी घ्यावी का? सात-आठ महिने चालवल्यानंतरचा अनुभव

सगळे जे विचारतात ते आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. मायलेज शहरात दहाच्या आसपास, हायवेला बारा. एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, पार्ट मिळतात (कसे ते खाली लिहिलंय) आणि नाही, विकायची नाहीये.

गाडी १९९१ची, पेट्रोल, क्रीम कलर, हँडल गिअर. माटुंग्याच्या एका आजोबांकडून घेतली, फर्स्ट ओनर, दीड लाखाला. त्यावर जवळपास तेवढेच पैसे पत्र्याच्या कामात, वायरिंगमध्ये आणि ब्रेकमध्ये गेले. मी ठाण्यात राहतो, घरी वॅगनआर आहेच, त्यामुळे पद्मिनीवर घर अवलंबून नाही, पण कव्हर घालून झाकून ठेवलेली पण नाही. बाजार, आईला डॉक्टरकडे नेणं, रविवारी येऊरचा डोंगर, एकदा अलिबाग, एकदा नाशिक असं सगळं करून झालंय.

आता थोडा इतिहास, कारण ही गाडी अशी का आहे ते त्याशिवाय कळतच नाही. प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली सुरू केली वालचंद हिराचंद यांनी. माणूस सोलापूरचा. जहाजं, बंगलोरचा विमानांचा कारखाना, विशाखापट्टणमची गोदी, इंदापूरजवळचं वालचंदनगर, हे सगळं करून झाल्यावर मोटारी. कारखाना कुर्ल्याला. सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लरबरोबर करार होता, त्यामुळे डॉज, प्लिमथ, डिसोटो आणि फार्गो ट्रक इथे जोडले जायचे. मग पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाटशी जमलं आणि ११०० आली. जुन्या लोकांची डुक्कर फियाट ती हीच, गोल पाठीची. १९६४ पासून ११०० डी, म्हणजे डिलाइट. लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना बँकेचं कर्ज काढून बारा हजाराला घेतलेली फियाट त्याच सालची, ती अजून दिल्लीला त्यांच्या स्मारकात ठेवलीय. पुढे फियाटचं नाव गेलं, आधी प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४ मध्ये पद्मिनी, चित्तोडच्या राणीवरून.

गंमत अशी की इटलीत ११००चं सगळं खानदान १९६९ लाच बंद झालं. आपल्याकडे तीच गाडी, ग्रील आणि बंपर इकडे तिकडे करून, २००० सालापर्यंत निघत राहिली. लोक म्हणतात जुन्या गाड्या काय दणकट होत्या, म्हणून एवढी वर्षं चालल्या. मला हे अजिबात पटत नाही. ती चालली कारण दुसरं काही घ्यायलाच नव्हतं. किती गाड्या बनवायच्या ते सरकारी लायसन्सवर, बुकिंग केल्यावर वर्षानुवर्षं नंबर लागायचा नाही, किंमतसुद्धा सरकार ठरवायचं, इतकं की प्रीमियर त्यावरून सुप्रीम कोर्टात गेली होती. जी गाडी विकली जाणारच आहे ती सुधारायची कशाला आणि कुठल्या पैशांनी, दोन्ही प्रश्न खरे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि सगळ्यांना कळलं की गाडी सकाळी फार खटपट न करता पण सुरू होऊ शकते.

तर चालवायला कशी आहे. इंजिन १०८९ सीसी, ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर. कागदावर हसायला येतं पण शहरात कमी वाटत नाही, तिसऱ्या गिअरमध्ये पंचवीसवरून पन्नासपर्यंत एका दमात खेचते आणि आवाज इतका गोड आहे की मी टेप बसवलाच नाही. पन्नास-साठला ही गाडी खरोखर सुंदर चालते. सत्तरला बोलायला लागते, ऐंशीला काचा, दरवाजे, डॅशबोर्ड सगळे मिळून बोलतात आणि मागून येणारा ट्रक डिपर मारायला लागतो. एक्स्प्रेसवेवर नेऊ नका. नियमात बसते की नाही हा मुद्दाच नाही, लोक शंभर-सव्वाशेने जातात तिथे तुम्ही रस्त्यातला अडथळा होता.

हँडल गिअरची भीती आठ दिवसांत जाते. स्टिअरिंगच्या डावीकडे दांडा, चार गिअर, पुढे सलग सीट. मधे काहीच नाही त्यामुळे पुढे तिघं आरामात, आईला तर तीच सीट आवडते, वॅगनआरमध्ये बसायला कुरकुर करते आता. पहिला गिअर मात्र गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकायचा नाही, चालत्या गाडीत घातलात तर असा करकरतो की बाजूचा रिक्षावाला पण वळून बघतो. सिग्नलला सरकत सरकत जायची सवय असेल तर दुसऱ्यावरच काढायला शिका.

स्टिअरिंग उभ्या गाडीत जड, फार जड, पार्किंग करताना दंडाचा व्यायाम होतो. चाकं फिरायला लागली की हलकं. पण मधे थोडा लूजपणा आहे आणि तो कितीही अॅडजस्ट केला तरी पूर्ण जात नाही, म्हणजे सरळ रस्त्यावर पण हात जरा जरा हलत राहतात, जुन्या सिनेमातले हिरो उगाच स्टिअरिंग हलवायचे असं वाटायचं, ते अगदीच उगाच नव्हतं. दिसतं मात्र चारी बाजूंनी स्वच्छ. खांब बारीक, काचा मोठ्या, बोनेटचे दोन्ही कोपरे दिसतात. घोडबंदरच्या गर्दीत मला वॅगनआरपेक्षा हिच्यात जास्त अंदाज येतो. आणि त्या पुढच्या तिकोनी काचा! त्या आत वळवल्या की वारा थेट छातीवर. गाडी चालू असेपर्यंत एसीची आठवण येत नाही. थांबली की येते.

खड्ड्यांमध्ये छान. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे, टायर १४ इंची आणि साइडवॉल उंच. पेव्हर ब्लॉकवरून जाताना जे धक्के नव्या गाडीत कंबरेला लागतात ते इथे सीटमध्येच मुरतात. मागे कुणी नसेल तर मागची बाजू थोडी उडते, तेवढं चालायचं.

ब्रेकबद्दल गंभीरपणे सांगतो. माझ्या गाडीत चारही चाकांना ड्रम ब्रेक, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. पाय रोवून दाबावा लागतो. पुढची गाडी डिस्क ब्रेक आणि एबीएसवाली असते, ती जागच्या जागी थांबते, तुम्ही नाही थांबत. मी पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवतो आणि त्या जागेत कायम कुणीतरी बाइक घालतंच. पावसात पाण्यातून गाडी काढली की ड्रम ओले होतात, मग थोडं अंतर हलका ब्रेक दाबत जायचं म्हणजे ते सुकतात, नाहीतर पुढच्या सिग्नलला देव आठवतो. सीटबेल्ट १९९१च्या माझ्या गाडीत आलेलेच नव्हते, मी पुढे बसवून घेतले, खाली जाड पट्टी वेल्ड करून. एअरबॅग वगैरे सोडाच. लहान मुलांना मी हिच्यात हायवेला नेत नाही, शहरातल्या शहरात नेतो, मागच्या सीटवर.

नाशिकची ट्रिप. कसारा घाटात टेंपरेचरचा काटा वर गेला, थांबलो, पाणी थंड व्हायची वाट बघितली, निघालो. घरी आल्यावर जुन्या मिस्त्रींना दाखवली तर त्यांनी रेडिएटर उघडून गाळ काढला आणि आधीच्या एका गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून फेकलाय हे दाखवलं. आपल्याकडे हा उद्योग सर्रास करतात, गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढा. त्याने थंडीत इंजिन गरमच होत नाही आणि पेट्रोल जास्त पितं. नवा बसवला, रेडिएटर साफ केला, त्यानंतर काटा मधेच असतो. उन्हाळ्यात दुसरा त्रास पेट्रोल पंपाचा. तो इंजिनला चिकटून आहे, तापला की आत पेट्रोलची वाफ धरते आणि गाडी ट्रॅफिकमध्येच मान टाकते. उपाय तोच टॅक्सीवाल्यांचा, ओलं फडकं पंपावर. माझ्या डिकीत एक पंचा आणि पाण्याची बाटली कायम असते.

ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. जुने रबरी पाइप इथेनॉलने फुगतात आणि मऊ पडतात. गाडी घेतल्या घेतल्या सगळे पाइप, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचं किट बदलून घ्या, इथेनॉल झेपेल असेच मागा. पेट्रोल-हवेचं मिक्स्चर पण पुन्हा सेट करावं लागतं नाहीतर गाडी अडखळते. मायलेज थोडं पडतं. आणि महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवू नका, आत पाणी धरतं.

पार्ट कुठे मिळतात? कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचा जो बाजार आहे तिथे, ऑपेरा हाउसच्या काही जुन्या दुकानांत, आणि बाकी ओळखीने. क्लच प्लेट, ब्रेक लायनर, किंगपिन, बुश, गॅस्केट, प्लॅटिनम पॉइंट यांची अडचण नाही. अडचण आहे ती बॉडीची. अस्सल ग्रील, मागच्या दिव्यांच्या काचा, दरवाज्याच्या रबरी पट्ट्या, हँडलं. टॅक्सी भंगारात जायला लागल्या तेव्हा हा माल ढिगाने मिळायचा, आता ज्यांच्याकडे आहे त्यांना किंमत कळलीय. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत रजिस्टर झाली, टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणजे ऑक्टोबर २०२३च्या शेवटी खेळ खलास. त्याच्या थोडं आधी सप्टेंबरमध्ये बेस्टची जुनी डिझेल डबलडेकर पण गेली, त्यामुळे पेपरांत भरपूर उसासे छापून आले आणि पद्मिनीचे भाव चढले. ज्यांनी उसासे टाकले त्यातले निम्मे लोक टॅक्सीत बसताना आधी नवी गाडी बघायचे, हे मी स्टँडवर उभं राहून बघितलंय.

टॅक्सीवाल्यांशी मी मुद्दाम बोललो, कारण खरे मालक तेच. पंचवीस वर्षं पद्मिनी चालवलेले एक चाचा म्हणाले की गाडी कुठेही बंद पडली तरी घरी यायची, कारण प्रत्येक नाक्यावर तिचा डॉक्टर होता. पण त्यांनीच सांगितलं की शेवटची काही वर्षं पार्टसाठी फिरण्यात दिवस जायचे, सीएनजीची टाकी बसवल्यावर डिकी गेली, सामान टपावर, आणि डाव्या पायाचा गुडघा क्लचने खाल्ला. सँट्रो घेतल्यावर पहिल्या दिवशी काय वाटलं विचारलं तर म्हणाले, झोप यायला लागली गाडी चालवताना, इतकी सोपी.

घरगुती मालकांचं वेगळं असतं. त्यांच्यासाठी ती बाबांची गाडी असते आणि बाबांच्या गाडीला कुणी नावं ठेवत नाही. त्यांचं ऐकून गाडी घेऊ नका. नव्याने रिस्टोअर करणारे तिसरे, त्यांच्या गाड्या आरशासारख्या असतात आणि ट्रेलरवरून येतात.

पद्मिनीशिवाय प्रीमियरच्या बाकी गाड्यांबद्दल पण विचारतात. ११८ एनई, १९८५ची, फियाट १२४ची बॉडी आणि निसानचं ११७१ सीसी इंजिन. चालवायला पद्मिनीपेक्षा कितीतरी चांगली, पण तिच्यावर कुणाचं प्रेम नाही, म्हणून स्वस्त मिळते. डोकं लावून घ्यायची असेल तर खरं ती घ्या. मग प्यूजो ३०९ आली कल्याणला, मग युनो, बुकिंगला झुंबड उडाली आणि पाठोपाठ कामगारांचा संप. कंपनीची मोटारींची गोष्ट तिथेच जवळपास संपली, मधे २००९ मध्ये चिंचवडहून रिओ नावाची छोटी एसयूव्ही काढली तेवढीच. कल्याण-शीळ रोडवर प्रीमियर ग्राउंड अजून म्हणतात, आता तिथे सभा नाहीतर टॉवर.

खर्चाचं. दर महिन्याला काहीतरी निघतंच, पण एकेक काम स्वस्त आहे, कारण लेबर कमी आणि पार्ट साधे. ऑइल लवकर बदलतो, ग्रीसिंग वेळेवर करतो, पुढच्या किंगपिनला ग्रीस चुकलं की स्टिअरिंग लगेच जड होतं. इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टी घेतलाय, फुलचा विचार केला तर एजंटच हसला. पत्रा हाच खरा शत्रू. घेताना रंग बघू नका, मॅट उचला, फ्लोअर बघा, दरवाज्यांच्या खालच्या कडा आणि स्टेपनीची जागा बघा, लोहचुंबक घेऊन जा, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. इंजिन खराब असेल तर चालेल, ते कुणीही करून देतो. सडलेला पत्रा करून देणारे हात कमी राहिलेत.

आणि कागद. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फिटनेस आणि री-रजिस्ट्रेशन, वर ग्रीन टॅक्स. केंद्राने २०२२ मध्ये कारच्या री-रजिस्ट्रेशनची फी त्यावेळी सहाशेवरून पाच हजार केली तेव्हापासून पुष्कळ जणांनी कागद लटकवून ठेवलेत, तशी गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका, आधी मालकाकडूनच कागद पूर्ण करून घ्या. विंटेज नंबर मिळतो का म्हणून विचारतात, तर त्याला गाडी पन्नास वर्षांच्या वरची लागते आणि मग ती रोज रस्त्यावर काढता येत नाही, म्हणजे आईच्या डॉक्टरचं काय. माझ्या गाडीची मुदत पुढच्या वर्षी संपतेय, त्याआधी हँडब्रेकची केबल, डावा इंडिकेटर आणि सायलेन्सरचा मागचा तुकडा करायचाय. सायलेन्सरचा कुणाकडे अस्सल असेल तर सांगा, बनवून घेतलेल्यांचा आवाज फाटका येतो.