तीन दिवसांत कॅट टू : व्हायब्रेशनच्या सर्टिफिकेटपायी 50,150 रुपये कसे गेले ते सांगतो

साखर कारखाना, केमिकल, पॉवर प्लांट अशा ठिकाणी मेंटेनन्सला असलेली जी पोरं गल्फचा विचार करतायत आणि त्यासाठी व्हायब्रेशन ॲनालिसिसचा कोर्स शोधतायत त्यांच्यासाठी हे लिहितोय. मोठं झालंय, पण पैसे भरायच्या आधी पूर्ण वाचा.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका कारखान्यात मेकॅनिकल मेंटेनन्सला आहे, डिप्लोमा झालाय, आठ सीझन झाले. बाहेरच्या जाहिराती बघायला लागलो तर कंडिशन मॉनिटरिंगच्या पोस्टला जवळपास सगळीकडे एकच अट, आयएसओ 18436-2 कॅटेगरी टू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हे मशिनच्या व्हायब्रेशनवरून आत काय बिघडलंय हे ओळखणाऱ्या माणसाच्या पात्रतेचं स्टँडर्ड आहे, कॅटेगरी वन ते फोर अशा चार पायऱ्या आहेत. आमच्याकडे को-जनरेशन, म्हणजे बगॅसवर वीज बनवायचा प्लांट, आलं तेव्हा व्हायब्रेशन मोजायचा एक ॲनालायझर घेतलेला, तो स्टोअरच्या कपाटात पडून होता, कुणाला चालवता येत नव्हता. म्हणलं आपण शिकलो तर कारखान्याचंही काम होईल आणि आपलाही रस्ता होईल.

त्याच वेळी व्हॉट्सॲपच्या एका जॉब ग्रुपवर मेसेज आला. तीन दिवसांत कॅट टू, 100 टक्के पास, अनुभवाची अट नाही, गल्फ प्लेसमेंटसाठी मदत. फोन केला तर समोरचा माणूस इतका गोड बोलला की काय सांगू, अहो सर तुमचा आठ वर्षांचा अनुभव आहे तुम्ही तर डायरेक्ट कॅट टूच करा, कॅट वन करून वेळ कशाला घालवता. फी 42,500 आणि वर 18 टक्के जीएसटी 7,650, म्हणजे 50,150. एवढे एकदम नव्हते. बायकोचं गंठण पतसंस्थेत ठेवून सोनंतारण कर्ज काढलं. ती एका शब्दाने नाही म्हणली नाही, आणि तेच आज सगळ्यात जास्त लागतं मनाला.

पैसे भरतानाच कळायला पाहिजे होतं. कंपनीच्या खात्याचा नंबर मागितला तर एका माणसाचा यूपीआय आयडी आला. जीएसटी घेतला पण इनव्हॉइस दिलं नाही, कोर्स झाल्यावर मेल करतो म्हणाले, ते आजपर्यंत आलेलं नाही. आमच्याकडे स्टोअरला दोनशे रुपयांची ऑइल सील आली तरी बिल लागतं आणि मी पन्नास हजार बिलाशिवाय देऊन बसलो.

कोर्स पुण्यात, एका हॉटेलच्या हॉलमध्ये, आम्ही चौदा जण. सकाळी दहाला सुरू, दीड तास जेवण, पाचला बंद. तीन दिवसांत खरं शिकवणं पंधरा-सोळा तासांच्या वर गेलं नसेल. स्टँडर्डमध्ये कॅट टूला 38 तासांचं ट्रेनिंग धरलंय, कॅट वनला 30, हे मला नंतर कळलं. टेबलावर डेमो किट होतं, छोटी मोटर, शाफ्ट, दोन बेअरिंग, त्यावर कापड टाकलेलं. ते कापड तिसऱ्या दिवशी दुपारी निघालं, पाच मिनिटं किट चाललं, मोबाइलवर फोटो काढले गेले आणि परत कापड. सेन्सर कुणाच्याही हातात दिला नाही. ज्या कामात सेन्सर कुठं लावायचा, मॅग्नेटखालचा रंग खरवडायचा का नाही, आडवं घ्यायचं का उभं का ॲक्सिअल, म्हणजे शाफ्टच्या लांबीच्या दिशेनं, हेच अर्धं काम आहे, त्यात चौदातल्या एकानेही एक रीडिंग घेतलं नाही.

शिकवलं काय तर एक तक्ता. शाफ्टच्या स्पीडएवढ्या फ्रिक्वेन्सीला पीक आला, म्हणजे वन एक्स, की अनबॅलन्स, फिरणाऱ्या भागाचं वजन एका बाजूला जास्त. त्याच्या दुपटीला, टू एक्सला, आला की मिसअलाइनमेंट, मोटर आणि पंपाचे शाफ्ट एका रेषेत नाहीत. पुढं हार्मोनिक्सची, म्हणजे तिप्पट-चौपट अशा पटींच्या पीकची, रांग दिसली की लूजनेस. हे पाठ करा, 90 टक्के काम झालं, असं सर म्हणाले. आम्ही खरंच पाठ केलं, मी तर चहाच्या सुट्टीतही पाठ करत होतो. तक्ता चुकीचा नाही, सुरुवात तिथूनच होते, पण तो तिथंच संपत नाही हे सांगायला पाहिजे होतं.

परीक्षा तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, 40 प्रश्न, पाऊण तास, आणि सर स्वतःच हॉलमध्ये फिरत होते, कुणी अडलं की खांद्यावर हात ठेवून परत एकदा वाच म्हणायचे आणि बोट बरोबर उत्तरावर. खरी कॅट टूची परीक्षा 100 प्रश्नांची, तीन तासांची, 70 टक्क्यांना पास असते.

अजून एक गोष्ट, ती लपवणार नाही. परीक्षेच्या आधी एक फॉर्म दिला, त्यात व्हायब्रेशनच्या कामाचा अनुभव लिहायचा होता. कॅट वनला सहा महिने आणि कॅट टूला 18 महिने लागतात. सर म्हणाले सगळ्यांनी 18 लिहा, वरिष्ठांच्या सहीची जागा मोकळी सोडा. माझा मेंटेनन्सचा अनुभव आठ वर्षांचा, पण व्हायब्रेशनचा डेटा मी एक दिवसही घेतलेला नव्हता. तरी मी 18 लिहिलं आणि खाली सही केली. ती चूक माझी.

अर्ध्या तासात सर्टिफिकेट हातात. जाड कागद, सोनेरी स्टिकर, वर आयएसओचा लोगो, खाली नंबर. घरी फ्रेम केलं.

आता पैशापेक्षा मोठं नुकसान कुठं झालं ते सांगतो. डिसेंबरात, गाळप जोरात असताना, बॉयलर फीड पंपाच्या मोटरचं व्हायब्रेशन वाढलं. 250 किलोवॅटची टू पोल मोटर, 2980 आरपीएम. स्टोअरमधला ॲनालायझर मी काढून चार्ज करून ठेवलाच होता. रीडिंग आलं 5.4 मिलिमीटर पर सेकंद, पक्क्या फाउंडेशनवरच्या एवढ्या मोटरला 4.5 च्या वर म्हणजे डी झोन, मशीनला इजा होण्याची पातळी. स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती व्हायब्रेशन आहे त्याचा आलेख, काढला, 100 हर्ट्झला उंच पीक. 2980 म्हणजे सेकंदाला 49.67 फेरे, त्याची दुप्पट 99.3, झालं की टू एक्स. चीफसाहेबांसमोर छाती काढून सांगितलं, मिसअलाइनमेंट आहे. साहेबांनी विश्वास ठेवला कारण नुकतंच सर्टिफिकेट दाखवलं होतं.

पंप बंद केला. स्टँडबाय पंप जुना, त्याच्यावर बॉयलर पूर्ण लोड घेत नाही, म्हणून गाळप कमी करावं लागलं. कपलिंग उघडलं, डायल लावून अलाइनमेंट केली, चालू केला, 5.3. दोन दिवसांनी परत तेच, परत कपलिंग, परत गाळप कमी, 5.4. यार्डात बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग थेट गेटच्या बाहेर गेलेली, ऊस वाळत होता, गाडीवान येऊन विचारत होते अजून किती वेळ साहेब. तिसऱ्यांदा उघडायचं म्हणल्यावर आमचे फिटर तात्या एवढंच म्हणाले, बाळा, अलाइनमेंट दोन्ही वेळा माझ्या हातानं झालीय, ती चुकलेली नाही.

मग मोटर रिवाइंडिंगवाल्यांकडचे एक वयस्कर इंजिनिअर आले, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी सेन्सर मोटरच्या बेअरिंगवर लावला, ॲनालायझर लाइव्हला ठेवला आणि मला म्हणाले, सप्लाय तोडला की स्क्रीनकडे बघ, मोटरकडे बघू नको. तात्यांनी स्टॉपचं बटन दाबलं. शाफ्ट अजून गरागरा फिरत होता, आवाज तसाच, आणि स्क्रीनवरचा तो 100 चा पीक एका क्षणात गायब. बाकीचे पीक स्पीडबरोबर हळूहळू खाली येत होते, हा एकटाच दिवा घालवावा तसा गेला. काका म्हणाले, मिसअलाइनमेंट असती तर शाफ्ट फिरतोय तोवर दिसली असती, वीज गेली आणि हा गेला म्हणजे हा विजेचा आहे. आपली लाइन 50 हर्ट्झची, स्टेटरवरची, म्हणजे मोटरच्या न फिरणाऱ्या भागावरची, मॅग्नेटिक ओढ त्याच्या दुपटीनं, बरोबर 100 ला.

मग मोटरच्या चारही पायांखाली फिलर गेज फिरवली. मागच्या डाव्या पायाचा बोल्ट सैल केल्यावर 0.30 मिलिमीटरची फट. म्हणजे सॉफ्ट फूट, बोल्ट आवळला की बॉडी पिळली जायची, स्टेटर आणि आत फिरणाऱ्या रोटरमधली एअर गॅप एकीकडे कमी व्हायची. तेवढ्या जाडीची शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, टाकली, चारही बोल्ट टॉर्कला आवळले, अलाइनमेंट परत तपासली. 1.9. सगळं मिळून दोन तास.

जाताना काकांनी विचारलं, एफमॅक्स, म्हणजे स्पेक्ट्रम किती हर्ट्झपर्यंत घ्यायचा ते, किती ठेवला होता, आणि तेवढ्याचे भाग, म्हणजे लाइन्स, किती. मी 1000 हर्ट्झ आणि 400 लाइन्स म्हणलं. म्हणजे एक लाइन अडीच हर्ट्झची, आणि 99.3 आणि 100 मध्ये अंतर पाऊण हर्ट्झपेक्षाही कमी, दोन्ही एकाच पट्टीत पडणार, डोळ्यांनी वेगळे दिसणारच नाहीत. 200 हर्ट्झ आणि 3200 लाइन्स लावल्या असत्या तर सोळा सेकंद डेटा घेऊन दोन वेगळे पीक उभे राहिले असते. रिझोल्यूशन, म्हणजे जवळजवळचे पीक वेगळे दाखवायची बारकाई, हा शब्द त्या तीन दिवसांत एकदाही आला नाही हो. टू पोल मोटरला ही गल्लत होतेच, हे या धंद्यातलं नेहमीचं उदाहरण आहे, आणि आम्हाला टू एक्स म्हणजे मिसअलाइनमेंट एवढंच पाठ करून पाठवलं.

काकांनी मग सर्टिफिकेट बघायला मागितलं. मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्यांनी फक्त एकच विचारलं, सर्टिफिकेशन बॉडी कोण? मला प्रश्नच कळला नाही.

रात्री बसून सगळं शोधलं. आयएसओ कुणालाही सर्टिफिकेट देत नाही, ना माणसाला ना कंपनीला, ती फक्त स्टँडर्ड लिहिते, आणि तिचा लोगो असा सर्टिफिकेटवर वापरायला परवानगीही देत नाही. म्हणजे वरचा लोगो हाच पहिला पुरावा होता. सर्टिफिकेट देते ती सर्टिफिकेशन बॉडी, ती आयएसओ 17024 प्रमाणे चालावी लागते, आणि त्यातली मुख्य गोष्ट म्हणजे ज्याने शिकवलं त्यानेच तुम्हाला पास करून सर्टिफाय करायचं नाही. भारतात अशा बॉडींना मान्यता देणारं एनएबीसीबी दिल्लीत आहे. जगात या विषयात चालणारी नावं म्हणजे अमेरिकेची व्हायब्रेशन इन्स्टिट्यूट, मोबियस इन्स्टिट्यूटचं सर्टिफिकेशन बोर्ड, ब्रिटनची बिंडट. यांच्या नावाने कुणी कोर्स विकत असेल तरी आधी थेट त्या संस्थेलाच मेल टाकून विचारा हा माणूस तुमचा आहे का. आणि सर्टिफाइड माणसाचा नंबर बॉडीकडे तपासता येतो, माझा नंबर तपासायला जागाच नव्हती. माझ्या कागदावर इंग्रजीत बारीक अक्षरात लिहिलेलं, की याने 18436-2 ॲज पर ट्रेनिंग पूर्ण केलं. सर्टिफाइड हा शब्द अख्ख्या कागदावर नाही. मोठ्या अक्षरात कॅटेगरी टू, आणि खाली हजर होता एवढंच.

फोन केला तर तोच गोड माणूस म्हणाला, सर आम्ही सर्टिफाइड करतो असं कुठं लिहून दिलंय. मी जाहिरातीचा स्क्रीनशॉट पाठवला. ब्लॉक केलं. दुसऱ्या नंबरवरून तात्यांच्या फोनने केला तर म्हणाले अनुभवाच्या फॉर्मवर खोटं तुम्ही लिहिलंय, ते आम्ही तुमच्या कंपनीला पाठवू का? तेव्हा कळलं तो फॉर्म कशासाठी भरून घेतला होता. आठ दिवस मी गप्प बसलो या भीतीने. मग स्वतःच चीफसाहेबांकडे जाऊन सगळं सांगितलं, फॉर्मसकट. साहेब रागावले, रागवायलाच पाहिजे होतं, पण म्हणाले तक्रार कर. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, तक्रार नोंदवली, जाहिरात, यूपीआयची पावती, सर्टिफिकेट सगळं जोडलं. अजून एक रुपया आलेला नाही. गंठणाचं व्याज चालू आहे.

ॲनालायझर आता माझ्याकडेच असतो. चीफसाहेबांनी 22 मशीनचा रूट लावून दिलाय, दर पंधरा दिवसांनी रीडिंग घेतो, वहीत तारीख, सेटिंग, बेअरिंगचा नंबर लिहितो आणि खाली साहेबांची सही घेतो. सहा महिने पुरे झाले की पुढच्या ऑफ सीझनला कॅट वनलाच बसणार.

आमच्या बॅचच्या ग्रुपवर मी हे सगळं टाकलं. नऊ जणांनी सीव्हीमधली ती ओळ काढली, दोघे माझ्याबरोबर तक्रारीत आलेत. एक पोरगा एका केमिकल कंपनीत त्याच कागदावर लागलाय, तिथं ब्लोअर आणि कॉम्प्रेसरची रीडिंग तो एकटाच बघतो. त्याला काल दोनदा फोन केला, उचलला नाही. टू पोल मोटरची आणि 100 हर्ट्झची गोष्ट व्हॉइस मेसेजने सांगून ठेवलीय.