पोस्टाची पाच वर्षांची आरडी: हप्ता लहान ठेवा, खाती जास्त काढा

मुलीच्या कॉलेजची पहिली मोठी फी, फ्लॅटचं डाऊन पेमेंट, किंवा नोकरी सोडून वर्षभर अभ्यासाला बसायचं तर त्या वर्षाचा घरखर्च. तारीख साधारण ठाऊक आहे, रक्कमही ठाऊक आहे, पण पैसे महिन्याच्या महिन्याला पोटाला चिमटा काढूनच उभे राहणार आहेत, अशा कामासाठी पोस्टाची आरडी (दर महिन्याला ठरलेला हप्ता भरायची आवर्ती ठेव) आजही उत्तम आहे. व्याज बरं आहे, पण तिची खरी ताकद ती मोडायला अवघड असण्यात आहे. लोकांचं नुकसान होतं तेही नेमकं तिथेच.

आधी हिशेब. ऑक्टोबर २०२३ मध्ये दर ६.७ टक्के झाला, चक्रवाढ दर तिमाहीला. या दराने महिना १,००० रुपये भरले तर ६० हप्त्यांत ६०,००० जातात आणि मुदतीला सुमारे ७१,३६६ मिळतात. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करतं, पण खातं उघडलं त्या दिवशीचा दर पूर्ण पाच वर्षं कायम राहतो. कमीत कमी हप्ता १०० रुपये, पुढे १०च्या पटीत कितीही. व्याजावर कर लागतो आणि भरलेल्या रकमेवर आयकरात वजावट (८०सी) मिळत नाही. एजंट काहीही सांगो, ती वजावट पोस्टाच्या पाच वर्षांच्या मुदत ठेवीला आहे, आरडीला नाही.

आता अडचणीची बाजू. तीन वर्षं होईपर्यंत खातं मुदतीआधी बंद करता येत नाही. तीन वर्षांनंतर येतं, पण मुदतीच्या एक दिवस आधी जरी मोडलं तरी पूर्ण काळासाठी बचत खात्याचा दर लागतो, म्हणजे ४ टक्के. महिना हजाराचं खातं चार वर्षांनी मोडलं तर जमा झालेल्या ४८,००० वर सातेक हजार व्याज व्हायला हवं होतं, तिथे चारेक हजार हातात येतात. हप्ता पाच हजारांचा असेल तर हाच फटका पाचपट.

म्हणून महिना ५,००० बाजूला टाकायचे असतील तर एकच खातं काढू नका, १,००० ची पाच काढा. एका माणसाने किती खाती काढावीत यावर मर्यादा नाही. चार वर्षांनी घरात आजारपण आलं आणि ५० हजारांची गरज पडली, तर एक खातं मोडतं आणि चार शाबूत राहतात. पाच पासबुकं सांभाळायला लागतात हे खरं. पोस्टाचं बचत खातं आणि इंटरनेट बँकिंग घेतलं तर हप्ते आपोआप वळते करता येतात आणि हा त्रास बराच कमी होतो. पैसे थोड्या काळापुरतेच हवे असतील तर मोडण्याऐवजी कर्ज घ्या. १२ हप्ते भरून एक वर्ष झालं की जमा रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, व्याज आरडीच्या दरापेक्षा २ टक्के जास्त. फेडलं नाही तर मुदतीच्या रकमेतून व्याजासकट वळतं होतं.

हप्ता किती ठेवावा, याचा निर्णय बहुतेक जण उत्साहात घेतात आणि सातव्या-आठव्या महिन्यात अडकतात. दिवाळी, शाळेची फी, विम्याचा हप्ता आणि लग्नसराई, या चार महिन्यांत हातात काय उरतं ते गेल्या वर्षीच्या बँक स्टेटमेंटवरून काढा. त्यातला सगळ्यात वाईट महिना धरा. त्या महिन्यात जे उरलं, अधिक जे सोडायची खरोखर तयारी आहे (नवा फोन, शनिवारचं हॉटेल), तेवढाच हप्ता. मग तीन महिने तेवढी रक्कम नुसती बचत खात्यात वेगळी ठेवून बघा. तिला हात लागला नाही, तरच आरडी उघडा.

उघडायची तारीखही विचार करून निवडा. महिन्याच्या १५ तारखेपर्यंत उघडलं तर पुढचा प्रत्येक हप्ता १५ तारखेच्या आत भरावा लागतो. १६ नंतर उघडलं तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत मुदत मिळते. पगार १ तारखेला होत असेल तर पहिल्या पंधरवड्यात उघडा, पैसे खर्च व्हायच्या आत जातात. पगार रखडत असेल किंवा दुकानाचं येणं महिनाअखेरीस वसूल होत असेल तर १६ नंतरच.

हप्ता चुकला तर दंड १०० रुपयांमागे १ रुपया, म्हणजे हजाराच्या खात्याला महिना १० रुपये. दंड किरकोळ वाटतो म्हणून लोक ढिले पडतात. पण लागोपाठ चार हप्ते चुकले की खातं खंडित होतं. दोन महिन्यांत थकबाकी भरून ते चालू केलं नाही, तर पुढे त्यात एक पैसाही भरता येत नाही. भरताना आधी चुकलेला हप्ता दंडासह, मग चालू महिन्याचा, हा क्रम आहे.

उसाचं बिल किंवा सोयाबीनची पट्टी ज्यांच्या हातात वर्षातून एकदाच पडते, त्यांनी आगाऊ हप्ते भरावेत. १२ हप्ते एकदम भरले तर महिन्याच्या हप्त्यातल्या दर १०० रुपयांमागे ४० रुपये सूट, ६ भरले तर १०. हजाराच्या खात्याला वर्षाचे १२,००० न देता ११,६०० द्यायचे. एक अट आहे: आगाऊ भरलेला काळ संपेपर्यंत खातं मुदतीआधी बंद होत नाही.

महिला प्रधान योजनेच्या एजंट ताई घरी येऊन हप्ता नेतात, ही सोय मोठी आहे. त्यांचं कमिशन सरकार देतं, तुम्ही वेगळं काही द्यायचं नसतं. पण ताईंनी कार्डावर सही केली म्हणजे पैसे पोस्टात जमा झाले असं नाही. दोन-तीन महिन्यांनी पासबुक मागून घ्या आणि प्रत्येक हप्त्यासमोर तारीख, रक्कम, शिल्लक बघा. दंडाची नोंद दिसली आणि तुम्ही पैसे वेळेवर दिले होते, तर त्याच दिवशी विचारा. पासबुकं कायमची एजंटकडे ठेवू नका, कितीही घरोबा असला तरी.

दहा-पंधरा वर्षांनंतरच्या गरजेसाठी ही योजना घेऊ नये. महागाई व्याजाचा बराचसा भाग खाते, तिथे पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) किंवा म्युच्युअल फंडाची एसआयपी (दरमहा ठरावीक गुंतवणूक) बघावी. अडीअडचणीचा पैसाही इथे नको.

मुदत संपल्यावर आणखी पाच वर्षं वाढवता येते, पण दर खातं उघडलं तेव्हाचाच राहतो. एप्रिल २०२० ते मार्च २०२३ या काळात उघडलेल्या खात्यांना ५.८ टक्केच मिळतात. ती मुदत संपताच बंद करा, आणि त्या दिवशी पोस्टात लागलेला दर जास्त असेल तर नवं खातं काढा. ६.७ टक्क्यांचं खातं असेल आणि तोवर दर उतरलेले असतील, तर वाढवून घेणं फायद्याचं. वाढीव काळात ते केव्हाही बंद करता येतं आणि पूर्ण झालेल्या वर्षांना आरडीचाच दर मिळतो.