‘प्रो सेटअप आहे भाऊ’ म्हणत मला ५२ हजारांची टोपी घातली

राम राम मंडळी. लिहू की नको असं दोन महिने चाललं होतं, कारण लिहिलं की पहिला प्रश्न हाच येणार की जळगावचा माणूस केळीचा धंदा सोडून रेसच्या टायरमध्ये कशाला पडला. घरातही तेच ऐकतोय. पण गेल्या आठवड्यात जे दिसलं त्यानंतर गप्प बसवेना, म्हणून सगळं लिहितोय, लांब होईल, सांभाळून घ्या.

माझ्याकडे जुनी पेट्रोल स्विफ्ट आहे. मागची सीट काढलेली, ब्रेक पॅड बदललेले, बाकी फार काही नाही. वर्षातून एकदा-दोनदा ट्रॅक डेला, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर आपलीच गाडी पळवायला, जायचं एवढाच शौक. आपल्या खान्देशात ट्रॅक कुठला, म्हणून थेट कोइमतूरला करी मोटर स्पीडवेवर, रेसर एस. करिवर्धन यांच्या नावाचा तो २.१ किलोमीटरचा ट्रॅक. जळगावहून दोन दिवसांचा रस्ता. गाडी चालवत न्यायची आणि ट्रॅकची चाकं मागून बोलेरो पिकअपमध्ये, जी एरवी रावेरहून केळी आणते.

तर दिवाळीनंतर १९५/५० आर १५ मापाचे सेमी-स्लिक, म्हणजे ट्रॅकवर पकडीसाठीचे कमी नक्षीचे, टायर शोधत होतो. नवीन सेट परवडेना. एकाची जाहिरात दिसली, चार अलॉय रिम आणि चार टायर, ‘फक्त एक वीकेंड चाललेला मॅच्ड सेट’, म्हणजे चारही सारखे. ६० सांगितले, ५२ वर तुटलं. माणूस पुण्याकडचा, गोड बोलणारा, पहिल्या फोनपासून ‘दादा दादा’. नाव लिहीत नाही, आणि कोणी मेसेज करून विचारूही नका.

मी अगदीच भोळा गेलो नव्हतो, हे आधी सांगतो. पत्र्याच्या शेडमध्ये चाकं मांडून ठेवली होती, मी एकेक फिरवून बघितलं. बाजूवर कंपाउंडचं, म्हणजे रबराच्या मिश्रणाचं, अक्षर असतं, एकाच टायरचे सॉफ्ट, मिडियम, हार्ड असे प्रकार येतात आणि नक्षी अगदी सारखी असते, फरक तेवढ्या अक्षराचा. दोघांवर सॉफ्टचं अक्षर, दोघांवर मिडियमचं. मी लगेच म्हटलं, अहो हा मॅच्ड सेट कसा, हे तर दोन वेगळे आहेत.

तो हसला. म्हणाला, ‘दादा, तुमची गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह ना? ओढायचं पुढच्यांनी, वळवायचं पुढच्यांनी, ब्रेकही जास्त पुढेच. मागची चाकं नुसती फरफटत येतात. पुढे सॉफ्ट मागे मिडियम, हा प्रो सेटअप आहे.’ आणि मोबाइल काढून मोटोजीपीची, म्हणजे बाइकच्या रेसची, क्लिप दाखवली, स्क्रीनवर खरंच लिहिलेलं, पुढे वेगळं कंपाउंड, मागे वेगळं. आता सांगा, यावर काय बोलणार? मी मान डोलावली. उलट मलाच वाटलं की आपल्याला कळत नाही ते याला कळतं.

खरं काय ते नंतर कळलं. मोटोजीपीत पुढचं-मागचं वेगळं निवडतात हे शंभर टक्के खरं, पण ती बाइक आहे, तिथे पुढच्या आणि मागच्या टायरचं कामच वेगळं, दोन्हींचा आकारसुद्धा वेगळा. फॉर्म्युला वनमध्ये १९८० च्या दशकात चार चाकांना वेगवेगळे कंपाउंड लावायचे हेही खरं, पण आता तिथे चारही एकाच कंपाउंडचे लागतात. आणि फ्रंट व्हील ड्राइव्हवाले मुद्दाम पुढे-मागे फरक ठेवतात तोही प्रकार आहे, पण तो स्टॉपवॉच लावून, टायरचं तापमान मोजून, माहीत असलेल्या ताज्या टायरवर. याच्याकडे दोन वेगवेगळ्या गाड्यांवरून उतरलेल्या दोन जोड्या उरल्या होत्या, एवढाच सेटअप.

रबराला नख रोवलं तर रुतत होतं. काळंभोर, हाताला चिकट. थिनरसारखा वास येत होता थोडा, मी म्हटलं पॉलिश मारलं असेल. टायर कधी बनला त्या तारखेचे आकडे कुठे दिसेनात, तर म्हणाला आतल्या बाजूला आहेत, असंच येतं. आगाऊ २० हजार यूपीआयने घेतले आणि पाठवताना म्हणाला, ‘नोटमध्ये “उधार परत” लिहा दादा, बँकेची कटकट नको.’ लिहिलं! आजही तो शब्द आठवला की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते. बाकीचे ३२ रोख. बिल नाही.

जानेवारीत कोइमतूर. सकाळी थंड हवा, दोन लॅप हळू मारल्या, गाडी झकास वाटली, पुढून इतकी पकड की स्टिअरिंगला हात लावला की नाक आत. तिसऱ्या लॅपला एका उजव्या वळणात थोडा जास्त वेगात गेलो, घाबरून अॅक्सिलरेटर सोडला आणि मागची बाजू अशी निघाली जणू कोणी शेपूट धरून ओढली. सोडला की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात, हे सगळ्या फ्रंट व्हील गाड्यांत थोडंफार होतंच, पण मागे बरी पकड असेल तर सावरता येते. माझी सावरली नाही. दीड गिरकी, गवतात, उलट्या तोंडानं. सुदैवानं तिथे भिंत नव्हती. मागचा बंपर एका कोपऱ्यात फाटला, बाकी मी धडधाकट. दहा मिनिटं हात थरथरत होते.

पिटमध्ये शेजारी कोल्हापूरचे एक काका होते, मुलाला घेऊन आलेले. त्यांनी तापमानाची गन लावली. पुढचे ७८, ८० अंश. मागचे ४४, ४५. म्हणाले, ‘अहो, तुमचे मागचे टायर अजून झोपेतनं उठले नाहीत.’ असले टायर साधारण सत्तरच्या पुढे गरम झाले की धरतात, आणि या गाडीत मागच्यांवर भार कमी म्हणून ते मुळातच उशिरा तापतात, त्यात तिथे कडक कंपाउंड म्हणजे काय होणार. म्हणजे ‘फरफटत येतात’ हे त्या पुणेकराचं वाक्य खरं होतं, पण त्याचा अर्थ बरोब्बर उलटा होता.

मग ते वाकले, बाजूवरचा बाण बघितला, दुसऱ्या बाजूला गेले, परत आले आणि हसायलाच लागले. ‘भाऊ, तुमची चारही चाकं डाव्या बाजूची आहेत की हो!’

हे जरा समजावून सांगतो, कारण याच्यातच त्या पुणेकराची चोरी पकडली गेली. या टायरांना फिरण्याची दिशा असते, बाजूवर बाण असतो. तारखेसकटचा पूर्ण डॉट नंबर, म्हणजे टायरवर उठवलेला ओळख क्रमांक, टायरच्या एकाच बाजूला असतो. चार सारखे टायर बरोबर बसवले तर दोन डावीकडे, दोन उजवीकडे, म्हणजे दोघांची तारीख बाहेर दिसणारच. ती कुठेच दिसू नये असं हवं असेल तर एकच मार्ग, चारही एकाच तोंडानं रिमवर चढवायचे. मग कुठेही लावा, दोन चाकांचे बाण उलटे. माझ्या उजव्या बाजूचे दोन्ही उलटे फिरत होते, आणि मी दोन महिने ते रोज बघत होतो.

ट्रॅकवरच टायर उतरवून घेतले. पुढच्यांवर २३२३, म्हणजे २०२३ सालचा २३वा आठवडा. ठीक. मागच्यांवर ४११६ आणि ०९१७. आठ-आठ वर्षांचं रबर! दिवस वाया जाऊ नये म्हणून काकांच्या सांगण्यावरून सॉफ्टची जोडी मागे टाकली आणि ते म्हातारे पुढे. गाडी हळू झाली, वळणात सरळ पळायला बघायची, पण ते निदान आधी कळतं, वेग कमी केला की सावरते. गिरकी पुन्हा आली नाही.

घरी आल्यावर मागचे दोन आमच्या आबांच्या गॅरेजात नेले. आबा मूळचे पारोळ्याचे, आयुष्य ट्रॅक्टरच्या टायरात गेलं. त्यांनी अंगठा दाबला आणि म्हणाले, ‘हाऊ टायर शे का दगड?’ नख आता रुतत नव्हतं. एमआयडीसीत पाइपांच्या रबर रिंगा बनवणाऱ्या कारखान्यात एक मित्र क्वालिटीला आहे, त्याच्याकडे रबराचा कडकपणा मोजायचा शोअर मीटर असतो, चार चाकं तिथे नेली. आकडा जेवढा मोठा तेवढं रबर कडक. पुढचे ५४, ५५. मागचे ७२, ७३. मग त्यानं मागच्या टायरच्या कडेला, जिथे रस्ता घासत नाही, तिथे लावलं तर ६१. म्हणजे वरून काहीतरी केमिकल चोळून मऊ केलं होतं, जिथे घासलं तिथे ते दहा लॅपमध्ये निघून गेलं. आपल्याकडे कार्बाइड मारलेली केळी बघितली असतील, साल पिवळीधमक, सोलली की आत टणक, अगदी तसं. मी केळीच्या धंद्यातला माणूस, मला हे कळू नये?

टायर विकणाऱ्याला फोन केला. आधी म्हणाला गाडी चालवता येत नसेल दादा. मग तारखा सांगितल्या तर म्हणाला, कसले टायर, तुम्ही तर माझी उधारी परत केली होती, नोट बघा. तेव्हा त्या दोन शब्दांचा अर्थ लागला. १९१५ वर फोन केला, ग्राहक हेल्पलाइनवर, त्यांनी नीट ऐकून घेतलं पण पहिला प्रश्न बिल आहे का. दुकान नाही, बिल नाही, जाहिरात त्यानं काढून टाकलेली, मी स्क्रीनशॉटही ठेवला नव्हता. वकील मित्र म्हणाला ५२ हजारांसाठी पुण्याच्या चकरा मारायच्या असतील तर मार. सोडून दिलं.

म्हणून, वापरलेले घेणार असाल तर चारही टायरच्या तारखेच्या आकड्यांचा फोटो आधी मागा, जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, बाण बघा, आणि शोअर मीटर ऑनलाइन हजार-दीड हजारात मिळतो तो घेऊन जा, मध्येही लावा आणि कडेलाही लावा. सावलीत, चारही टायर सारखेच थंड असताना मोजा, कारण उन्हात रबर मऊ दाखवतं, आणि आपल्याकडे तर मे महिन्यात भुसावळला दगडही मऊ लागेल. बाजूवर ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती टिकेल त्याचा, आकडा असतो, १००, २०० असा, तो कंपनीच ठरवते, दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. नोटमध्ये काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

आता गेल्या आठवड्याचं. रात्री सहज बघत होतो तर नवीन जाहिरात, तीच शेड, तीच निळी ताडपत्री. ‘फ्रंट सॉफ्ट रिअर मिडियम, प्रो सेटअप, एक वीकेंड चाललेला.’ मेहुण्याच्या नंबरवरून फोन लावला. तसाच गोड. म्हटलं चारही टायरच्या तारखेचे फोटो पाठवा. म्हणाला तारखा आतल्या बाजूला आहेत दादा, टायर उतरवावे लागतील, चारशे रुपये मजुरी जाईल. म्हटलं चारशे आत्ताच पाठवतो, नोटमध्ये काय लिहू?

फोन कट.