रोमिओ : एकाच फाइलवर सगळ्या प्रोसेसनी लिहायचं असेल तर

समांतर प्रोग्राममध्ये, म्हणजे एकच काम अनेक प्रोसेसनी वाटून घेतलेलं असताना, प्रत्येक प्रोसेसने आपली वेगळी फाइल लिहिली की कोड सोपा राहतो. पण ६४ प्रोसेसचं उत्तर पुढे ९६ प्रोसेसवर वाचायची वेळ आली, की तुकडे जोडायला आणखी एक प्रोग्राम लिहावा लागतो. एकच फाइल ठेवायची तर कोणी, कुठे, कधी लिहायचं हे कोणीतरी सांभाळायला हवं. रोमिओ लायब्ररी ते काम करते. एमपीआय म्हणजे अशा प्रोसेसनी एकमेकींशी कसं बोलायचं याचं प्रमाण; १९९७ सालच्या एमपीआय-२ प्रमाणात फाइल हाताळण्याचा जो भाग आला, त्याची ही सर्वांत जास्त वापरली जाणारी घडण. ती अमेरिकेतल्या अर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेत तयार झाली आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले राजीव ठाकूर तिच्या मुख्य कर्त्यांपैकी एक. ती फुकट आहे आणि एमपीआयसीएच या एमपीआयच्या संचासोबत आपोआप येते. ओपन एमपीआय या दुसऱ्या संचातही असते, पण तिथे ४.१ आवृत्तीपासून लस्टर या क्लस्टरवरच्या सामायिक फाइल सिस्टीमवरसुद्धा ओएमपीआयओ हा दुसरा घटक आधी निवडला जातो. तेव्हा नेमकं काय चाललंय ते तपासूनच खालचं वाचा.

रोमिओचा खरा कस तुटक डेटावर लागतो. १६,३८४ × १६,३८४ डबल आकड्यांची सारणी घ्या, म्हणजे २ जीबी. ६४ प्रोसेसची ८ × ८ मांडणी केली, तर प्रत्येकीकडे २,०४८ × २,०४८ चा चौकोन येतो. फाइलमध्ये मात्र तो चौकोन सलग नसतो. प्रत्येक ओळीचा १६ केबीचा एक, असे त्याचे २,०४८ तुकडे होतात आणि सगळ्या प्रोसेसचे मिळून १,३१,०७२. हे तुकडे सीक आणि राइटच्या लूपमध्ये एकेक करून लिहिले, तर कोणतीही फाइल सिस्टीम रडकुंडीला येते.

एमपीआयच्या फंक्शन्सनी योग्य रस्ता असा : टाइप_क्रिएट_सबअॅरेने चौकोनाचा आकार सांगा, तो टाइप कमिट करा, सेट_व्ह्यूने फाइलवर बसवा आणि राइट_ऑल एकदाच बोलवा. आता सगळ्यांना मिळून काय लिहायचंय ते रोमिओला एकदम दिसतं. ती काही प्रोसेसना मुकादम नेमते, एरवी प्रत्येक नोडवर (क्लस्टरमधल्या संगणकावर) एक. डेटा आधी नेटवर्कवरून मुकादमांकडे जातो आणि ते सलग मोठे गठ्ठे लिहितात. ४ नोड असतील तर प्रत्येक मुकादमाच्या वाट्याला ५१२ एमबी येतात आणि मुकादमाचा बफर, म्हणजे सीबी_बफर_साइझ, मुळात १६ एमबी असल्यामुळे ३२ फेऱ्या होतात. नोडवर मेमरी मोकळी असेल तर हा बफर वाढवून पाहायला हरकत नाही.

राइट_ऑलच्या जागी साधा राइट_अॅट वापरला तर चित्र पालटतं. एकट्या प्रोसेसचा तुटक डेटा लिहिताना रोमिओ ५१२ केबीचा पट्टा आधी वाचते, त्यात आपले तुकडे बसवते आणि अख्खा पट्टा परत लिहिते. मधल्या जागेत शेजारच्या प्रोसेसचा डेटा असतो, म्हणून एवढा वेळ पट्ट्यावर लॉक लावावं लागतं. नव्या क्लस्टरवर बरेच जण इथेच अडकतात. लस्टर ‘फ्लॉक’ (फाइलवर लॉक लावू देणाऱ्या) पर्यायाशिवाय माउंट केलेलं असेल तर ‘फाइल लॉकिंग फेल्ड’ असा संदेश येतो आणि शेवटी एररनो २६ दिसतो. हा २६ सोळाच्या पायातला आहे, म्हणजे आपल्या दशमानातला ३८ : ही सोय इथे उपलब्धच नाही. दशमानातला २६ शोधायला गेलात तर ‘टेक्स्ट फाइल बिझी’ हाती लागतं आणि दिवस फुकट जातो. अॅडमिनकडून फ्लॉक चालू करून घ्या, नाहीतर पट्टा वाचून परत लिहिण्याची ही पद्धत बंद करायला रोमिओ_डीएस_राइट हा हिंट (रोमिओला दिलेली सूचना) ‘डिसेबल’ करा. एनएफएस या नेटवर्कवरच्या फाइल सिस्टीमवर लॉक सेवेबरोबर ‘नोअॅक’ (फाइलची माहिती कॅशेत न ठेवणारं) माउंटही लागतं, आणि त्याने वेग इतका पडतो की एनएफएसवर हा खटाटोप करूच नये.

हिंट बदलायला कोड परत कंपाइल करावा लागत नाही, ही रोमिओची सर्वांत चांगली सोय. एका साध्या फाइलमध्ये दर ओळीला नाव आणि किंमत लिहायची आणि रोमिओ_हिंट्स या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये तिचा पत्ता द्यायचा. रोमिओ_प्रिंट_हिंट्स लावलं की फाइल उघडताना प्रत्यक्षात लागू झालेल्या किमती छापल्या जातात. हे जरूर पाहा, कारण न समजलेला हिंट रोमिओ मुकाट्याने सोडून देते. फाइल किती ठिकाणी वाटून ठेवायची ते सांगणारा स्ट्रायपिंग_फॅक्टर नवी फाइल तयार होतानाच लागू होतो. जुनी फाइल तशीच ठेवून तो बदलला तर काही फरक पडत नाही.

काही खाचखळगे एमपीआय प्रमाणातलेच आहेत. फाइल कॉल फसला तर प्रोग्राम थांबत नाही, नुसता एरर कोड परत येतो. तो तपासला नाही तर फाइल उघडलीच नव्हती हे फार उशिरा कळतं. ‘क्रिएट’ मोड जुनी फाइल रिकामी करत नाही. नवा डेटा लहान असेल तर जुन्याचं शेपूट मागे राहतं, म्हणून आधी सेट_साइझ शून्य करा. सेट_व्ह्यूमधलं डिस्प्लेसमेंट बाइटमध्ये असतं, पण त्यानंतरचे ऑफसेट ई-टाइपच्या (व्ह्यूमध्ये ठरवलेल्या मूळ घटकाच्या) एककात. डबल असताना बाइट दिले की डेटा आठपट लांब जाऊन पडतो. आणि ज्या प्रोसेसकडे लिहायला काहीच नाही तिनेही राइट_ऑल शून्य काउंट देऊन बोलवायलाच हवा, नाहीतर बाकीच्या वाट पाहत बसण्याची शक्यता असते.

एकमेकांवर येणारी लिखाणं सरमिसळू नयेत म्हणून असलेला अॅटॉमिक मोड मात्र घेण्यासारखा नाही. तुटक डेटासाठी तो पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंतचा सगळा पट्टा लॉक करतो. वरच्या सारणीत एकाच आडव्या रांगेतल्या ८ प्रोसेसचे पट्टे एकमेकांवर येतात, त्यामुळे त्या एकामागून एक लिहितात. एकीने लिहिलेलं दुसरीला वाचायचं असेल तर सिंक (लिहिलेलं फाइलमध्ये पोचवणं), बॅरियर (सगळ्यांनी एकमेकींसाठी थांबणं), सिंक हा क्रम पुरतो. सामायिक फाइल पॉइंटरसाठी (सगळ्या प्रोसेसची मिळून फाइलमधली एकच चालू जागा) रोमिओ शेजारी नावात ‘shfp’ असलेली छुपी फाइल ठेवते आणि दर वेळी तिच्यावर लॉक लावते. लॉग लिहिण्यापुरतं ते ठीक. प्रोग्राम मध्येच मेला तर ती फाइल मागे राहते; ती हाताने पुसा.