आयनिक-सहसंयुज ओळखायचा किट: घ्याच, पण डिस्टिल्ड वॉटर सोबत आणा

लेक दहावीला आहे, धातुविज्ञानाच्या धड्यात आयनिक संयुगं (आयनांची, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांची बनलेली) आली आणि गाडी तिथंच अडली, कुठलं आयनिक नि कुठलं सहसंयुज (अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन झालेलं) हे पाठ करायची आणि दोन दिवसांत विसरायची. म्हणून नवी पेठेतल्या एका दुकानातून हा किट आणला, 380 रुपये. आत एलईडी, वायरी, ग्रॅफाइटच्या दोन कांड्या, चार कप, मीठ-साखर-मोरचूदाच्या पुड्या आणि एक कार्ड. पदार्थ पाण्यात विरघळवून कांड्या बुडवायच्या, पाण्यात आयन मोकळे असले तर वीज जाते आणि एलईडी लागतो.

पहिल्या दिवशी पार गोंधळ झाला ओ. साखरेच्या पाण्यात पण एलईडी मिणमिणला! साखर विरघळली तरी तिचे रेणू अख्खेच राहतात, आयन होत नाहीत, मग वीज जाते कशी? बऱ्याच वेळानं डोक्यात आलं की पाणी नळाचं होतं, उजनीचं, त्यात क्षार आधीच आहेत. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणलं, मग साखरेचा दिवा लागलाच नाही आणि मिठाचा लख्ख लागला. ही एक ओळ कार्डवर छापायला काय झालं होतं? एक स्टार तिथंच कापला.

मला सगळ्यात आवडलं ते कोरडं मीठ. त्यात कांड्या खुपसल्या तर काहीच नाही, पाणी ओतलं की लगेच उजेड. लेक म्हणाली, "म्हणजे पप्पा, आयन आधीपासूनच असतात की, नुसते जागेवर अडकलेले!" हे तिचं तिला सुचलं, माझे पैसे तिथंच वसूल. मग तव्यावर चमचाभर साखर टाकली, वितळून तपकिरी झाली, मीठ मात्र तडतडलं पण वितळलं नाही, त्याला 801 अंश सेल्सिअस लागतं, आपल्या गॅसवरच्या तव्याचं काम नाही ते.

कार्डवर लिहिलंय धातू-अधातू मिळून आयनिक, दोन्ही अधातू असले की सहसंयुज. बहुतेक वेळा जमतं, पण कल्हईवाले वापरतात तो नवसागर घ्या, अमोनियम क्लोराइड, त्यात धातू औषधालाही नाही तरी आयनिकच. आणि व्हिनेगरमधलं ॲसिड रेणूंचं असून थोडा उजेड देतं, कारण पाण्यात त्याचे थोडे रेणू तुटून आयन होतात. म्हणून नुसता दिवा बघून ठरवू नका, पोरांना हे सांगाच.

मोरचूद विषारी आहे, हात धुवायला लावा. मिठाच्या पाण्यात कांड्या जास्त वेळ ठेवू नका, क्लोरीनचा वास येतो. 9 व्होल्टची बॅटरी आत नसते, दुकानातून निघतानाच घ्या, मला परत जावं लागलं. 5 पैकी 4.