वार्षिक फी नसलेलं क्रेडिट कार्ड : दीड वर्षाचा अनुभव

सांगलीत विश्रामबागला माझं शिवणकाम चालतं. आधीच्या कार्डाची वर्षाची फी ४९९ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८८ रुपये ८२ पैसे. कार्ड वापरा, नाहीतर कपाटात ठेवा, कापले जायचेच. एका ब्लाउजची शिलाई गेली की हो! ते बंद केलं आणि आजीवन मोफत रुपे कार्ड घेतलं.

खरा फायदा यूपीआयचा. गणपती पेठेत अस्तर, दोरे, हुक घेते तेव्हा दुकानाचा क्यूआर स्कॅन करते, पैसे कार्डावर पडतात. माझं बिल ५ तारखेला निघतं, भरायची मुदत २५. त्यामुळे ६ तारखेला घेतलेल्या मालाचे पैसे पुढच्या महिन्याच्या २५ला जातात. लग्नसराईत गिऱ्हाईक उशिरा पैसे देतं, तेव्हा हे दिवस फार कामाला येतात. फक्त दुकानदाराचा क्यूआर व्यापारी खात्याचा हवा, वैयक्तिक खात्यावर असे पैसे जात नाहीत.

बिल मात्र पूर्णच भरा. ‘किमान रक्कम’ भरलीत तर उरलेल्यावर व्याज चढतं. एटीएममधून रोख तर काढूच नका, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. माझ्या बहिणीलाही हेच घ्यायला लावलंय.