गॅरेजमधील फरशी आणि २० किलोंची गोणी

आमच्या पुण्यातील गॅरेजमध्ये गाडी कधीचीच येईनाशी झाली आहे. तिथे आता सुतारकामाचे टेबल, करवती आणि एक जड लोखंडी व्हाइस असतो. १० बाय १८ फुटांच्या त्या जागेतील जुना कोबा इतका उखडला होता, की लाकडाच्या भुशापेक्षा सिमेंटची धूळच अधिक झाडावी लागे. एवढ्याशा कामाला गवंडी मिळेना, म्हणून गेल्या हिवाळ्यात मी ४०० मिमी चौरस व्हिट्रिफाइड पार्किंग टाइल स्वतःच बसवल्या आणि त्यासाठी वाळू-सिमेंटच्या मालाऐवजी टाइल अ‍ॅडेसिव्ह, म्हणजे पाण्यात कालवून टाइल चिकटवायची तयार भुकटी, वापरले.

अ‍ॅडेसिव्हची गोणी घेताना नावापेक्षा तिच्यावरचा प्रकार पाहावा. आयएस १५४७७ या भारतीय मानकात अ‍ॅडेसिव्हचे प्रकार ठरवून दिले आहेत. व्हिट्रिफाइड, म्हणजे भट्टीत भाजून काचेसारखी घट्ट झालेली टाइल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, त्यामुळे साधे सिमेंट तिच्या पाठीला नीट धरत नाही. म्हणून मी अशा टाइलसाठीचे टाइप २ घेतले. २० किलोंच्या गोणीला साधारण पाच लिटर पाणी लागते. ड्रिलला पाते लावून घोटावे, पाच मिनिटे तसेच ठेवावे आणि पुन्हा घोटावे. ही पाच मिनिटे मी एकदा वाचवली आणि मिश्रणात गुठळ्या राहिल्या.

हौशी माणसाला अ‍ॅडेसिव्हचा खरा फायदा म्हणजे सवड. दातेरी थापीने पसरल्यावर सुमारे वीस मिनिटे हाती असतात आणि टाइल थोडी सरकवून सांधा जुळवता येतो. मात्र ते खड्डे भरून काढत नाही. पातळी आणि शटरकडचा ढाळ आधी कोब्यातच साधावा लागतो, आणि माझे दोन दिवस त्यातच गेले: सुटा भाग काढणे, पकड यावी म्हणून छन्नीने टाचे मारणे, लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) पातळीच्या खुणा करणे, मग खड्डे बुजवणे. या कामाविषयी गोणीवर एक ओळ आहे. एक पान हवे होते.

पहिली रांग बसवली आणि दुसऱ्या दिवशी रबरी हातोडीने वाजवून पाहिली, तर चार टाइल बद्द, म्हणजे खाली पोकळ असल्यासारख्या वाजल्या. एक उचकटून पाहिली. जमिनीवर थापीच्या दातांच्या रेघा जशाच्या तशा उभ्या होत्या आणि टाइलची पाठ जवळजवळ कोरी होती, कारण तिच्यावर भट्टीतील पांढरी भुकटी तशीच राहिली होती. पुढच्या प्रत्येक टाइलची पाठ ओल्या स्पंजने पुसली, तिच्यावरही अ‍ॅडेसिव्हचा पातळ हात फिरवला आणि रेघांना आडवी सरकवत दाबली. आवाज लगेच बदलला.

माझी तक्रार आहे ती गोणीवरच्या आकड्याविषयी. एका गोणीत ५० चौरस फूट होतील असे छापले होते; १२ मिमी दातांची थापी आणि पाठीवरचा हात धरून मला ३६च मिळाले. म्हणजे चारऐवजी पाच गोण्या, आणि पाचवी आणायला भर दुपारी अर्धे काम टाकून दुकान गाठावे लागले. छापील आकडा खोटा असेलच असे नाही, पण तो पातळ थरासाठी आहे आणि हे अगदी बारीक अक्षरांत लिहिलेले होते.

पातळी धरणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपा मी हौसेने आणल्या होत्या. एवढ्या जाड, खडबडीत टाइलला त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. सांध्यात ठेवायचे ३ मिमीचे स्पेसर आणि लाइनदोरी पुरली. सांधे भरायचे ग्राउट मात्र सिमेंटचे नव्हे, इपॉक्सीचेच (रेझिनचे) घ्यावे, कारण कार्यशाळेत तेल आणि पॉलिश सांडतच असते.

दोन आठवड्यांनी व्हाइस जागेवर आणला. पहिल्या रांगेतील ज्या तीन बद्द टाइल काढायचा कंटाळा केला होता, त्यांपैकी शटरजवळची एक पायाखाली अजून वाजते. तिच्यावर सध्या भुशाचे पोते ठेवले आहे.